जाते म्हणाले, तिथं चुकलं

हिंगोलीत भोंग्यावरून माझं निधन जाहीर झालं, तेव्हा मी पुण्यात लेकीच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. भेंडी जून निघाली होती, सुरी बोथट होती आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडून कुणीतरी हुंदके देत म्हणालं, "ताई, तुमी बाईंच्या लेक बोलता का?"

"लेक ऑफिसात गेलीय. काय काम?"

"मंग तुमी कोण?"

"मी बाई."

"कोणत्या बाई?"

तीस वर्षं मी कन्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. हिंगोलीत मला असं कुणी विचारलं असतं, तर तिला बाकावर उभं केलं असतं. मी चिडून म्हणाले, "अगं, तुझ्या बाई. हिंगोलीच्या. तू कोण, आणि रडतेस कशाला?"

पलीकडं एक किंकाळी ऐकू आली, मग फोन फरशीवर आपटल्याचा आवाज. मागोमाग एका पुरुषाचा घाबरलेला आवाज आला, "हॅलो, कोण बोलून राहिलं?" मी फोन ठेवून दिला आणि पुन्हा भेंडी घेतली. दोन भेंड्या चिरून होईपर्यंत दुसरा फोन आला, मग तिसरा. चौथ्या फोनवर एकीनं धीर करून खरं काय ते सांगितलं. मी दोन दिवसांपूर्वी पुण्यात वारले होते. हिंगोलीत सगळ्यांना कळलं होतं, फक्त मला कळायचं राहिलं होतं.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझ्या पायांबद्दल सांगायला हवं. मी एका जागी बसत नाही. आई म्हणायची, हिला पाट मांडून दिला तरी ही पाटाच्या कडेवर बसेल, उठायची तयारी ठेवून. वर्गातही मी खुर्चीवर कधी टेकले नाही. निवृत्त झाल्यावर तर मोकळीकच मिळाली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, सगळं गाव पायाखाली घालायचं. माझं घर रिसाला बाजारात, दोन खोल्यांचं. तिथून पलटण, तिथून तोफखाना, पेन्शनपुरा, मग मोंढ्याच्या म्हणजे धान्यबाजाराच्या बाजूनं स्टेशन, आणि डेपोसमोरचा एक चहा पिऊन घरी.

ही नावं बाहेरच्या माणसाला फार मजेशीर वाटतात. निजामाच्या काळात इथं छावणी होती. घोडेस्वार राहायचे तो रिसाला, तोफा असायच्या तो तोफखाना, नोकरी संपलेले म्हातारे शिपाई राहायचे तो पेन्शनपुरा. फौज केव्हाच गेली. तोफखान्यात आता क्लासेस आणि मोबाईलची दुकानं आहेत, आणि रिसाल्यात घोडा फक्त वरातीत दिसतो. पण पत्ता सांगताना अजून आम्ही सगळे पलटणीतलेच.

मागच्या वर्षी गावातल्या काही हौशी मंडळींनी शहरावर स्मरणिका काढायचं ठरवलं. माझ्या वाट्याला लेख आला: हिंगोलीचा इतिहास, अर्थकारण आणि समाजजीवन, आठ पानं, छायाचित्रांसह. मी आनंदानं हो म्हणाले. कागद घेतला आणि लिहिलं, 'हिंगोली हे एक ऐतिहासिक शहर आहे.' वाचून माझं मलाच कसंतरी झालं. माझ्या पोरींनी असलं वाक्य लिहिलं असतं तर मी लाल पेनानं खोडलं असतं. ते खोडलं, उठले आणि चालायला गेले. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'हळदीची बाजारपेठ म्हणून हिंगोलीची ख्याती सर्वदूर पसरलेली आहे.' पुन्हा उठले. असं चार महिने चाललं. लेख काही झाला नाही, माझी चप्पल मात्र झिजली.

त्यातच उन्हाळ्यात एकदा डेपोसमोर भोवळ येऊन मी पडले. शुद्ध आली तेव्हा मी एका रिक्षात होते आणि डोक्यावर भोंगा ओरडत होता, "बाजू व्हा, बाजू व्हा! बाईंना दवाखान्यात न्यायचंय!" रिक्षा होती भोंगेवाल्या मामूंची. नळाला पाणी कधी येणार, कुणाचं पोर हरवलं, कोणत्या दुकानात साड्यांचा सेल लागला आणि कोण वारलं, हे सगळं हिंगोलीला मामूंच्या तोंडून कळतं. ते माझ्या शेजारच्या आपाचे धाकटे भाऊ. त्यांनी मला दवाखान्यात पोचवेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की बाई पडल्या. कळलं नाही ते फक्त माझ्या लेकीला, कारण मी कुणाला सांगू दिलं नाही.

तिला चौथ्या दिवशी कळलं, तेही दुसऱ्याकडून. फोनवर ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी पुरून उरले असते. ती हळू म्हणाली, "आई, उद्या तुला काही झालं तर मला कोण सांगणार? तिथं तुझं आहेच कोण?" आणि नेहमीसारखं "ठेवते" म्हणून तिनं फोन ठेवला. त्या "ठेवते"नं मी हरले. मी हट्टी आहे, पण आई आहे. कायमचं पुण्याला यायचं मी कबूल केलं. एक तारखेपासून घरात भाडेकरू येणार होते. कपाटं रिकामी करून त्यांच्यासाठी चाव्या आपाकडं द्यायच्या, एवढंच उरलं.

आपा म्हणजे माझी चाळीस वर्षांची शेजारीण. तिच्या सासरचे पूर्वज रिसाल्यासाठी खोगिरं शिवायचे. घोडे गेल्यावर त्यांनी टांग्याच्या गाद्या शिवल्या, टांगे गेल्यावर रिक्षाच्या आणि आता ट्रॅक्टरच्या सीटा शिवतात. निघायच्या सकाळी आपा डबा घेऊन दारात उभी होती. आदल्या रात्रभर मी गाठोडी बांधली होती, पाठ दुखत होती, रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. चाव्या तिच्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "चल आपा, जाते."

तिचा चेहरा उतरला. "बाई, असं बोलू न्हाई. जाते नका म्हनू. येते म्हना."

आपल्याकडं शेंबडं पोरही घराबाहेर पडताना 'येतो' म्हणतं. 'जातो' म्हणायचं नसतं, हे मला सांगायची गरज नव्हती. पण रडू येऊ लागलं की मला राग येतो, हा माझा जुना रोग. मी म्हणाले, "यायचं नाही तर येते कशाला म्हणू? जाते म्हणजे जाते!" आणि रिक्षात बसले. मागं वळून पाहिलं नाही.

आता पुढचं. तिसऱ्या दिवशी मामू बहिणीकडं आले. आपा माझ्या बंद दाराशी बसून डोळे पुसत होती. त्यांच्यात जे बोलणं झालं, ते आपानं नंतर मला शब्दन् शब्द सांगितलं.

"क्या हुआ, आपा?"

"बाई गए रे."

"या अल्ला. कब?"

"परसों."

"किधर?"

"पूना में, बेटी के पास."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी गेलेच होते, परवाच गेले होते, पुण्याला लेकीजवळच गेले होते. पण रडणाऱ्या बाईनं 'गेल्या' म्हटल्यावर कोणता शहाणा माणूस 'गाडीनं की बसनं' असं विचारतो? मामू उलट्या पावली फिरले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं. त्यांनी रिक्षा काढली आणि आधी मराठीत, मग हिंदीत सुरू केलं: एक दुःखद निवेदन, कन्या शाळेच्या माजी शिक्षिका, आपल्या सर्वांच्या लाडक्या बाई...

'लाडक्या' हा शब्द माझ्यासाठी कुणी वापरला असेल तर तो पहिल्यांदाच.

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. "आई, तुझं आयुष्य वाढलं!" म्हणाली. मीही हसले. मग कुणीतरी पाठवलेले व्हिडिओ आम्ही दोघींनी पाहिले आणि माझं हसू मधेच कुठंतरी गेलं.

मामूंची रिक्षा हळदीच्या बाजारात पोचली, तेव्हा बीट चालू होती. बीट म्हणजे लिलाव. हळदीचे ढीग ओळीनं लावलेले असतात, घेणारे व्यापारी ढिगाढिगावरून घोळक्यानं फिरतात, एकेक कांडी उचलून कटकन मोडतात, आतला रंग बघतात आणि भाव पुकारतात. तो गलका एकदा सुरू झाला की कानात बोट घातलं तरी ऐकू येतो. एखादा मोठा व्यापारी किंवा पुढारी वारला तरच बीट थांबते. त्या दिवशी ती दोन मिनिटं थांबली. व्हिडिओत सगळे उभे होते. कोपऱ्यात हळद निवडणाऱ्या बायका उभ्या होत्या, पिवळे हात जोडून. त्यातल्या चार मी ओळखल्या. सातवीतून शाळा सुटलेल्या माझ्याच पोरी होत्या. एकीच्या घरी मी तिच्या बापाशी भांडायलाही गेले होते, आणि हरून परत आले होते.

मला खूप रडू आलं. राग आला नाही, नुसतं रडूच आलं.

दुसरा व्हिडिओ शाळेच्या पटांगणातल्या शोकसभेचा; मी जिवंत असल्याचं पसरायच्या आत दुपारीच ती उरकली होती. एका गृहस्थांनी मला 'शांत आणि मृदुभाषी' म्हटलं. लेकीनं माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. दुसऱ्यांनी मी न केलेली दोन समाजकार्यं माझ्या नावावर लावली. मग त्या हळदवाल्या बायकांतली एक उठली. माईक तोंडाला लावावा की लांब धरावा हे तिला कळत नव्हतं.

"मला भाशन येत न्हाई," ती म्हणाली. "बाईंनी आमाला एकदा रिसाल्यात नेलं. उन्हात उभं केलं आन् इचारलं, घोडे कुठं हायेत? आमी म्हनलं, बाई, हितं घोडे न्हाईत. बाई म्हनल्या, मंग रिसाला काहून म्हनता? कोनालाच सांगता येईना. मंग त्या गादीवाल्या आजोबाकडं घेऊन गेल्या. आजोबानं दाभन दाखवला. म्हनला, ह्यानं माज्या आज्यानं खोगीर शिवलं, मी गाद्या शिवून राहिलो. बाई म्हनल्या, घोडे गेले, दाभन ऱ्हायला. हाच इतिहास. लिहून घ्या." ती थांबली. "मी आता रोज दाभनानं हळदीचे पोते शिवते. रोज बाईची याद येते."

आणि ती खाली बसली. मी चार महिने आठ पानांसाठी गावभर फिरत होते, आणि तो लेख मी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भर उन्हात सातवीच्या पोरींना सांगून बसले होते. मी विसरले होते. ती विसरली नव्हती.

"बघ," मी लेकीला म्हणाले, "तू विचारलं होतंस ना, तिथं तुझं आहेच कोण?"

लेक माझ्यासारखीच आहे, गप्प बसत नाही. "मेल्यावर सगळेच येतात गं, आई," ती म्हणाली. "जिवंत असताना कोण येतं ते सांग."

रात्री झोप लागेना. सहाव्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत मी येरझाऱ्या घालत राहिले. सात पावलं जायचं, सात पावलं यायचं. खाली सोसायटीचा रखवालदार सोडला तर तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. तोही मला 'सहाशे चारवाल्या आजी' म्हणायचा.

चार दिवसांनी आपाचा फोन आला. आवाज पडलेला. मामूंनी रिक्षा बंद केली होती. माझी बातमी खोटी निघाल्यावर गाव हसलं, तेवढं त्यांनी सोसलं. पण मग त्यांनी पुकारलं की उद्या नळाला पाणी येणार नाही, आज भरून ठेवा. बायका दारात उभ्या राहून हसल्या, "मामू, हे बी बाईसारखंच का?" कुणी भरलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्ल्या कोरड्या, आणि शिव्या पुन्हा मामूंनाच. त्यांनी भोंग्याची बॅटरी काढून कोपऱ्यात ठेवली आणि तोंड मिटलं. कुणीतरी पोरांनी आता मोबाईलवर आवाज भरून पुकारायचं सुरू केलं होतं.

"तुमी या, बाई," आपा म्हणाली. "त्याचं कोनी ऐकत न्हाई, आन् तो आमचं ऐकत न्हाई. लई तकलीफ झाली बघा."

लेकीला मी म्हणाले, दोन दिवसांत येते. तिनं लगेच परतीचं तिकीट काढलं, माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हातानं ठेवलं आणि म्हणाली, "दोन म्हणजे दोन. एक तारखेला भाडेकरू येणार आहेत, आई. आता मन चळवू नकोस." मी मान हलवली. पण बसमध्ये रात्रभर माझ्या मनात एकच चाललं होतं. परत यायचं की नाही, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

सकाळी डेपोत उतरले. मी जिवंत असल्याचं गावाला कळलं होतं, तरी चहावाल्यानं पातेलं खाली ठेवून मला न्याहाळलं. "अरारा! बाई, तुमी तर गेल्या हुता!"

"गेले होते. पुण्याला. चहा टाक."

शेजारी बाकावर बसलेल्या बाईनं माझ्याकडं वर पाहायच्या आधी माझ्या पायांकडं पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात ना, तिनं खात्री करून घेतली. मी मुद्दाम दोन्ही पावलं पुढं काढून दाखवली. तिनं पदर तोंडाला लावला.

मामू घरात भिंतीकडं तोंड करून बसले होते. मला पाहून उठले, कानाला हात लावले. "बाई, मेरी जबान जल जाती तो अच्छा होता."

"जबान जाळायला काय झालं? तुम्ही ऐकलं ते सांगितलं. 'जाते' मी म्हणाले, तुम्ही नाही. उठा, बॅटरी लावा."

"आता कोन ऐकंल आमचं?"

"माझं ऐकतील. तीस वर्षं ऐकलंय, आता काय धाड भरलीय?"

आपानं कोपऱ्यातून बॅटरी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. मामूंनी ती उचलली नाही, म्हणून तिनंच ती रिक्षात नेऊन ठेवली. मग मात्र ते उठले.

मी रिक्षात बसले. सीट आपाच्या घरची, नवी शिवलेली, ताठ. आयुष्यभर पायी तुडवलेल्या गावातून मी पहिल्यांदा बसून फिरत होते, आणि तेवढ्यासाठीही मला चुळबुळ सुटली. मामूंनी माईक माझ्या हातात दिला. तो थुंकीनं आणि उन्हानं खरखरीत झालेला होता.

रिसाला बाजारात मी पहिल्यांदा बोलले. "हिंगोलीकरांनो, मी कन्या शाळेची बाई बोलतेय. मी गेले नाही. मामूंची चूक नाही, चूक माझी आहे. मी 'येते' म्हणायच्या ऐवजी 'जाते' म्हणाले." दारादारांतून डोकी बाहेर आली. एक म्हातारा मोठ्यानं हसला, एका पोरीनं टाळ्या वाजवल्या. मामू खाली मान घालून रिक्षा चालवत होते.

व्हिडिओत चौकात माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स दिसला होता, तो आता जागेवर नव्हता. तो मला हळदीच्या बाजारात सापडला. पावसाची बारीक भुरभुर चालू होती आणि तो उलटा करून पोत्यांवर टाकला होता. वाऱ्यानं कोपरा उडाला की खालून माझा अर्धा चेहरा दिसायचा, शाळेच्या ओळखपत्रावरचा, एक डोळा मिटलेला. बीट चालूच होती. मी मामूंना म्हणाले, इथं नको, थांबेल सगळं. पण व्यापाऱ्यांनी मला आधीच पाहिलं होतं. एकजण हातातली कांडी उंचावून ओरडला, "बाई, दोनदा बीट थांबवली तर हळद काय म्हनंल?"

"हळद म्हणेल, बाईंना लाज नाही," मी माईकवरूनच म्हणाले. "चालू द्या. मी गेले नाही, एवढंच सांगायला आले."

सगळा बाजार हसला. पोती शिवणारी ती पोरगी हातातल्या दाभणासकट पळत आली. आता ती पोरगी नव्हती, कपाळावरचे केस पांढरे झाले होते. तिला माझ्या पाया पडायचं होतं, पण हात पिवळे. मी तिचे हात धरले. माझ्या पांढऱ्या पदराला हळद लागली, ती लागू दिली. तिला म्हणाले, "तुझ्या बापाशी मी नीट भांडले नाही, बाळ." ती म्हणाली, "भांडला हुता, बाई. लई भांडला हुता."

तोफखान्यात मी तिसऱ्यांदा बोलले. पेन्शनपुऱ्यात चौथ्यांदा. तिथं गल्ली अरुंद आहे, भोंग्याचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. मी म्हणाले, "मी गेले नाही," आणि क्षणभरानं तेच वाक्य माझ्याच आवाजात माझ्याकडं परत आलं. मी तीन वेळा ते गावाला सांगितलं होतं. चौथ्यांदा ते मला ऐकू आलं. पर्समध्ये परतीचं तिकीट होतं, आणि मी भोंग्यावरून सबंध गावाला सांगत सुटले होते की मी गेले नाही. पुढचं वाक्य अर्धवट सोडून मी माईक मामूंच्या हातात दिला.

मामूंनी घसा खाकरला. "ऐका हो ऐका," ते म्हणाले, "उद्या सकाळी नळाला पानी येनार न्हाई. आजच भरून ठेवा." या वेळी कुणी हसलं नाही. मग आतून कुणीतरी ओरडलं, "अगं, हंडा काढ, मामू सांगून राहिले!" आणि एकेका घरातून घागरी, बादल्या, ड्रम वाजायला लागले. मामूंनी पाठीमागं वळून माझ्याकडं पाहिलं नाही. फक्त रिक्षा जरा जोरात दामटली.

संध्याकाळी मी माझ्याच दारात, आपाकडून घेतलेल्या चावीनं उघडलेल्या रिकाम्या घरापुढं उभी होते. लेकीचा फोन आला. तिला मी काय सांगणार, हे माझं दुपारपासून पाठ चाललं होतं आणि एकही वाक्य जागेवर बसत नव्हतं.

"आई, मी व्हिडिओ पाहिला," ती म्हणाली. "कुणीतरी पाठवला. पेन्शनपुऱ्यातला."

"बरं."

"तिकीट पर्समध्ये आहे का?"

"आहे."

"राहू दे तिथंच." मग म्हणाली, "पण पडलीस तर?"

"मामू भोंग्यावर सांगतील."

"ते तर न पडताच सांगतात!" ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. मलाही भरून आलं. ह्या वेळी मला राग आला नाही. मी तिला म्हणाले, तुझा नंबर मामूंच्या रिक्षाच्या हुडावर आतून लिहून ठेवते, मोठ्या अक्षरात. पडले तर आधी तुला, मग गावाला. आणि आधी माझी नाडी बघायची, मग माईक हातात घ्यायचा.

"लिहीच," ती म्हणाली. "भाडेकरूंना मी कळवते. तुझा लेख झाला का?"

"नाही."

"होऊ दे सावकाश." मी तिच्या "ठेवते"ची वाट बघत होते. इतक्या वर्षांत तिनं फोन कधी दुसऱ्या शब्दानं बंद केला नव्हता. पण ती म्हणाली, "येते, आई."

फोन बंद झाला तरी मी तो कानाला लावून उभी राहिले. शेजारच्या दारात आपा सीटेचं कापड मांडीवर घेऊन बसली होती. तिनं दाभण कापडात टोचून ठेवला आणि विचारलं, "काय म्हनली लेक?"

"येते म्हणाली."